लेस्टरची बीएसए

हेडली ट्रजियनला बॉस्कर्न गावात सगळे 'मुका हेडली' म्हणत. तो मुका मुळीच नव्हता. चॅपेलच्या पुरुषांच्या गायनवृंदात त्याच्यासारखा खर्ज कोणाचाच लागत नसे. पण गाणं संपलं की तोंडाला कुलूप. चिनी मातीच्या खाणींवर पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आणि तिथेही तो माणसांपेक्षा पंपांशीच जास्त बोलायचा असं त्याचे सोबती सांगत. बुटका, रुंद खांद्यांचा, कानांच्या पाळ्या कायम लाल. निवृत्त झाल्यावर घरामागे कांदापात आणि डेलिया लावायचा, रविवारी गायचा, आणि उरलेला वेळ गॅरेजमध्ये एका मोटरसायकलपाशी काढायचा. ती मोटरसायकल त्याची नव्हती. पन्नास वर्षं त्याने वापरली, तरी तो तिला 'लेस्टरची गाडी'च म्हणे.

लेस्टर हा त्याचा थोरला भाऊ. घरातला बोलका तो. १९५२ सालची पाचशे सीसीची बीएसए, एका सिलिंडरची, त्याने पहिल्या पगारांतून घेतली होती. तिचा ठोका इतका जड की ती चढावर असतानाच आई चुलीवर चहाचं पाणी ठेवायची. १९६३ च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी दुपारी, लेस्टर जेवून निघाला. बंदरावरच्या एका मुलीकडे त्याला चहाला बोलावलं होतं, लग्नाचं जवळजवळ ठरलंच होतं. वर माळावर धुकं उतरलेलं. गूनवार्थच्या खाणीचं वळण लागतं तिथे तासाभराने कर्टनी ब्रे नावाच्या ड्रायव्हरला, मातीचा ट्रक घेऊन येताना, ती गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला स्टँडवर उभी. दिवा लागलेला. इंजिन चालू. माणूस नाही.

एका बाजूला पाणी भरलेली जुनी खाण, दुसऱ्या बाजूला गाळाचं तळं, मध्ये रस्ता. लोकांनी लांब काठ्या घातल्या, पाणबुडे उतरवले, आठवडाभर हाका मारल्या. लेस्टर काही मिळाला नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही.

गाव म्हणालं, मुलानं जीव दिला. चॅपेलमध्ये हे मोठ्याने कोणी बोललं नाही, पण आई शेजारी येऊन बसली की बाकावरची माणसं जरा जास्तच सरकून घ्यायला लागली. आईचं म्हणणं वेगळं होतं. त्या काळच्या गाड्यांत ठिणगी कधी पडावी हे हँडलवरच्या एका छोट्या दांडीने ठरवायचं. दांडी मागे घेतली की ठोका मंदावतो, इंजिन झोपलेल्या माणसासारखं शांत चालतं. दोन मिनिटं खाली उतरून परत बसायचं असलं, की माणूस तसं करतो. आणि लेस्टरच्या गाडीची दांडी पूर्ण मागे घेतलेली होती.

"ज्याला जायचं असतं तो दांडी मागे घेत बसत नाही," आई म्हणायची. "तो परत येणार होता. आवाजावर येणार होता. धुक्यात माणूस आवाजावरच चालतो."

आणि पोलीस पोचले तेव्हा इंजिन बंद होतं. म्हणजे कर्टनीने बंद केलं. कोणी साद घालतंय का ते ऐकू यावं म्हणून केलं असेल, तसं लोक म्हणालेही. कर्टनी टोपी हातात घेऊन दारात आला, काहीतरी सांगू लागला. आईने एवढंच विचारलं, "आवाज तूच बंद केलास ना?" आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. मग तो पुन्हा आला नाही.

तिथून पुढे धुकं उतरलं की सोळा वर्षांच्या हेडलीला आई म्हणायची, "जा, चालू कर." हेडली गाडी अंगणात काढायचा, किक मारायचा, दांडी मागे घ्यायचा आणि बाजूला उभा राहायचा. धुकं विरेपर्यंत ते इंजिन ढब् ढब् ढब् चालत राहायचं. आमच्याकडे धुकं कधी कधी दोन-दोन दिवस हलत नाही. शेजारच्या बायका खिडक्या लावून घेत, पण तक्रार करायला एकही आली नाही. पेट्रोल संपलं की आई आतून डबा आणून द्यायची. आई गेली तोवर हेडलीची तिशी उलटलेली होती, आणि इतकी वर्षं हे चाललं होतं.

त्याची बायको थर्झा लग्नाआधी पहिल्यांदा त्या घरी आली ती अशाच एका दिवशी. नंतर ती हसून सांगायची, "सासूबाईंनी पेस्टी, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भाजल्या होत्या, प्रत्येकाच्या नावाचं अक्षर कोपऱ्यात कोरलेलं. मी मोजल्या तर एक जास्तीची. म्हटलं, कोण यायचंय अजून? कोणी उत्तरच देईना. बाहेर ती गाडी एकटी बडबडतेय आणि आत आम्ही तिघं गप्प."

आई गेल्यावर हेडलीने धुक्यात गाडी चालू ठेवणं सोडलं. थर्झाने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पण गाडी नीट ठेवली. जुन्या गाड्यांच्या मंडळात नाव घातलं, उन्हाळ्यात बाकीच्यांबरोबर समुद्राकडे फेऱ्या मारल्या. सगळं उघडून साफ केलं, बदललं, पण मॅग्नेटोला हात लावला नाही. त्या गाडीत ठिणगी पाडणारा डबा तो. बॅटरी लागत नाही, किल्ली लागत नाही. इंजिन फिरलं की त्याची तो वीज करतो. त्याचं टायमिंग लेस्टरने स्वतः लावलेलं होतं.

मग तो मॅग्नेटो दगा द्यायला लागला. गाडी घरून छान निघायची आणि गूनवार्थच्या वळणावर गप् व्हायची. ढकलत चार पावलं पुढे न्यायची, सिगारेट ओढण्याइतका वेळ थांबायचं, मग चालू. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग दर वेळी व्हायला लागलं.

मेल्विन रोझविअर हा त्याचा मंडळातला दोस्त, आयुष्यभर वायरमन. तो म्हणाला, "यात भूत-बीत काही नाही, राजा. आतली तारेची गुंडाळी साठ वर्षांची म्हातारी झालीय. गरम झाली की धापा टाकते. तुझ्या घरापासून वळणापर्यंत जेवढं अंतर आहे तेवढ्यात ती बरोब्बर तापते. बस."

"बंदराकडून येताना?" हेडलीने विचारलं.

"येताना काय?"

"येतानाही तिथेच बंद पडते. तिकडून अंतर तिप्पट आहे."

मेल्विनने डोकं खाजवलं. "मग तू तिकडून हळू येत असशील," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते फारसं पटलं नाही.

त्यात हेडलीचा गुडघा गेला. थंड सकाळी ती गाडी उलटी किक मारायची, आणि एकदा तिने त्याला असं झटकलं की तो दोन आठवडे काठी घेऊन चालत होता. थर्झाने त्या दिवशी मेल्विनला चहाला बोलावलं आणि केशराचा पाव पुढे ठेवून म्हणाली, "एक तर गाडी विका, नाहीतर तिला काहीतरी करा. मला विधवा व्हायचं असतं तर मी कोळ्याशी लग्न केलं असतं."

"इलेक्ट्रॉनिक बसवू," मेल्विन म्हणाला. "मॅग्नेटोचं पोट रिकामं करायचं, आत चुंबकाची चकती. टाकीखाली एक काळी डबी, एक कॉइल. सीटखाली बॅटरी, हँडलजवळ किल्ली. ठिणगी आपोआप मागे-पुढे होते. अगदी थर्झासुद्धा एका किकमध्ये चालू करेल."

"थर्झासुद्धा म्हणजे?" थर्झा म्हणाली.

हेडलीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "टायमिंग लेस्टरचं आहे."

"होतं," मेल्विन मऊ आवाजात म्हणाला. "आता कोणाचंच नाही, म्हणून तर बंद पडतेय."

ऑक्टोबर संपताना सामान आलं. दोघांनी दोन दुपारी गॅरेजमध्ये काढल्या. टाकी उतरवली, मॅग्नेटो सोडवून बाकावर घेतला, झाकण उघडलं. आत पांढरं काहीतरी भरलेलं. आमच्याकडे याचं नवल नाही. चिनी मातीच्या मुलखात ती धूळ घड्याळात जाते, पिठात जाते, मेलेल्याच्या नखांत सापडते. पण हेडलीने बोट लावलं आणि बोट तसंच धरून राहिला. माती ओली होती. गार, ताज्या चिखलासारखी, बोटाला चिकटणारी.

"हा डबा पन्नास वर्षं तापतोय," तो म्हणाला.

"वाफ कोंडते," मेल्विन म्हणाला. "पुस तो हात."

त्यांनी ती माती कापडाने काढली. मेल्विन कापड टाकायला निघाला तर हेडलीने ते घडी घालून फळीवर ठेवलं. आतली जुनी गुंडाळी काढली, चकती बसवली. प्लगच्या भोकातून एक काडी घालून पिस्टन वर कुठे येतो ते पाहिलं, मग चाक उलटं फिरवून तो ठरल्या मापाइतका खाली आणला आणि चकती तिथे घट्ट केली. हँडलवरच्या दांडीची तार आता कशालाच जोडायची नव्हती. मेल्विनने पक्कड घेऊन ती कापली.

"दांडी काढून टाकू?"

"राहू दे."

"शोभेला?"

मेल्विनने दांडी तशीच राहू दिली आणि वायरी जोडायला घेतल्या.

किल्ली फिरवली, पहिल्या किकला इंजिन लागलं. उलटा झटका नाही, खोकला नाही. मेल्विनने टोपी हवेत उडवली. आता फक्त टायमिंग तपासायचं राहिलं होतं. त्यासाठी एक दिवा असतो; इंजिनच्या प्रत्येक ठिणगीबरोबर तो एकदा लखकन चमकतो. फिरत्या चकतीवर पांढरा ठिपका लावायचा आणि त्या दिव्यात बघायचं. चकती भरधाव फिरत असते पण ठिपका एका जागी उभा दिसतो, कारण दिवा त्याला दर फेरीत त्याच ठिकाणी पकडतो. उजेडात हे दिसत नाही, म्हणून भर दुपारी त्यांनी दारावर घोंगडी सोडली, आणि धूर बाहेर जावा म्हणून सायलेन्सरला रबरी नळी लावून खिडकीतून काढली.

मेल्विन एक्सिलरेटर धरून उभा राहिला. हेडली गुडघ्यावर बसून दिवा धरून होता. अंधारात लख, लख, लख. ठिपका खुणेवर स्थिर.

आणि चकतीच्या पलीकडे, गाडीच्या दुसऱ्या अंगाला, सिमेंटवर दोन बूट होते.

ठिपका जितका स्थिर होता तितकेच ते स्थिर होते. जुन्या घडणीचे, घोट्याच्या वर लेस बांधलेले, आणि टोकांपासून वरपर्यंत पांढऱ्या चिखलाने माखलेले. वरचं काही दिसत नव्हतं, टाकी आड येत होती. मेल्विन तर इकडच्या बाजूला, हेडलीच्या डोक्याशी उभा होता.

"बसला का खुणेवर?" मेल्विनने वरून विचारलं.

हेडलीने दिवा तसाच धरून ठेवला.

"आता वाढवतो, बघ," मेल्विन म्हणाला आणि त्याने इंजिन चढवलं. ठिणगी पुढे सरकली तसा ठिपका खुणेपासून हळूच सरकला, जसा सरकायला हवा. त्याच्याबरोबर ते बूटही वळले. उचलले गेले नाहीत, पाऊल टाकलं नाही, नुसते जागच्या जागी वळले, आणि त्यांची टोकं दाराकडे झाली.

हेडलीच्या हातून दिवा पडला. मेल्विनने इंजिन बंद केलं, घोंगडी ओढली. बाहेरचा उजेड आत आला. सिमेंट कोरडं होतं, सकाळी झाडलेलं तसंच.

"धूर चढला तुला," मेल्विन म्हणाला. "ये बाहेर. पांढराफटक पडलायस." हेडली अंगणातल्या दगडावर बसला. थर्झाने पाणी आणलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मेल्विनला म्हणाली, "आज पुरे. घरी जा."

मेल्विन गेल्यावर तिने विचारलं, "काय दिसलं?"

"बूट."

थर्झा त्याच्याशेजारी टेकली. "त्याचे?"

"आईनं घेऊन दिलेले. मी पॉलिश करायचो." तो गॅरेजकडे बघत म्हणाला, "थर्झा, त्यांना दाराकडे जायचं होतं."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचं जेवण झालं आणि माळावरून धुकं घसरत खाली आलं. कुंपण गेलं, डेलिया गेले, गॅरेजचं दार तेवढं अंधुक उरलं. हेडली उठला आणि हेल्मेट घेतलं. थर्झा भांडी घासत होती. तिने हात थांबवले, पण जाऊ नकोस म्हणाली नाही.

"दिवा लाव," ती म्हणाली.

"लावतो."

"आणि हेडली, कोणी हाक मारली तर रस्ता सोडू नकोस. कोणीही."

गाडी पहिल्या किकला चालू झाली. त्या रस्त्याची हेडलीला इतकी सवय की त्याने डोळे मिटूनही नेली असती, आणि त्या दिवशी जवळजवळ तसंच होतं. पुढचा दिवा धुक्याच्या भिंतीवर आपटून परत येत होता. चढ संपला, माळ लागला, ठोका एकसारखा. वळण आलं. इथे ती गप् व्हायची. ती गप् झाली नाही.

तो वळणाच्या पुढे जाणारच होता तेवढ्यात इंजिनचा आवाज बदलला. ठोका सैल पडला, मंद, खोल. हा ठोका त्याच्या ओळखीचा होता. अंगणात उभं राहून त्याने तो अर्धा जन्म ऐकला होता. त्याने हँडलकडे पाहिलं. तार कापलेली ती दांडी पूर्ण मागे आलेली होती.

त्याने गाडी कडेला घेतली, स्टँडवर चढवली आणि किल्ली फिरवली. इंजिन चालूच. किल्ली काढून खिशात टाकली. इंजिन चालूच. बॅटरीतून ठिणगीकडे जाणारी वाट त्या किल्लीतून जाते, ती बंद झाली की काहीच चालू शकत नाही. हे त्याने स्वतः जोडलं होतं. ढब्... ढब्... ढब्... धुक्यात तो आवाज फार लांब जात होता, आणि खाणीच्या कड्यावर आपटून परत येत होता, जशी तिकडून दुसरी गाडी बोलावी.

बंद करायचा एक उपाय अजून होता. डिकॉम्प्रेसरचा खटका दाबला की सिलिंडरमधली हवा निसटते आणि कसलंही इंजिन मरतं. त्याचा हात खटक्यावर गेला. तिथेच थांबला. मग त्याने हात मागे घेतला, दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले आणि गाडीशेजारी उभा राहिला, अंगणात आई उभं करायची तसा.

किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नाही. आधी पाण्याचा आवाज आला, खालून, कोणी पाणी कापत यावं तसा. मग खडी घसरली. थांबली. पुन्हा घसरली. कोणीतरी चढत होतं, दमून, मध्ये मध्ये कान देत. हेडलीला हाक मारायची होती, पण त्याच्या तोंडाला तेच जुनं कुलूप. मग त्याने गायला सुरुवात केली. चॅपेलमधलं कुठलंसं, शब्द त्याला नंतर आठवेनात. नुसता खर्जाचा आवाज, त्या ठोक्यावर.

पावलं रस्त्यावर आली. डांबरावर ओल्या बुटांचा चप् चप् आवाज, धुक्यात, हाताच्या अंतरावर. आणि गाडी, स्टँडवर उभी असलेली गाडी, मागच्या बाजूने खाली दबली. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या.

हेडलीने मागे पाहिलं नाही. त्याने टांग टाकली, गाडी स्टँडवरून ढकलली, आणि घरी निघाला. उताराच्या आधी एक छोटा चढ लागतो, तो ती गाडी वरच्या गिअरमध्ये सहज चढायची. त्या दिवशी त्याला एक गिअर खाली यावं लागलं. पाठीला गार, ओलसर असं काहीतरी टेकलेलं होतं. भीती वाटली का, असं मेल्विनने त्याला फार पुढे विचारलं. हेडली म्हणाला, "खूप. पण लहानपणी त्याच्यामागे मी असाच टेकून बसायचो. तेव्हाही तो सांगायचा, मागे वळू नकोस, पडशील."

अंगणात शिरताच इंजिन आपलं आपण थांबलं. स्प्रिंगा हलक्या झाल्या. हेडली बसून राहिला. "आलो रे," तो म्हणाला, एवढंच. थर्झा दारात होती. तिने त्याला आत नेलं, कोट काढला. कोटाची पाठ ओली होती, आणि तिच्यावर पांढरी माती वाळायला लागली होती. तिने तो कोट धुतला नाही आणि घरातही ठेवला नाही. बागेच्या टोकाला नेऊन पुरला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मेल्विनने सगळ्या वायरी तपासल्या. एकही चुकीची नव्हती. किल्ली फिरवली की इंजिन बंद, दर वेळी. दांडी पुढे होती. त्याने ती मागे ओढून सोडली, पुन्हा ओढली, आणि ती जिथे सोडली तिथेच राहिली. त्या दिवशी मेल्विनने एकही विनोद केला नाही.

आठवडा उलटल्यावर हेडली बंदराजवळच्या वृद्धाश्रमात गेला. कर्टनी ब्रे तिथे होता, नव्वदीला टेकलेला, खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर चादर. हेडलीने नाव सांगितलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"आईसारखा दिसतोस," तो म्हणाला. "भांडायला आलास का?"

"नाही. सांगायला आलो. ती गाडी गेल्या आठवड्यात धुक्यात त्या वळणावर चालू ठेवली होती. तो आला. घरी आणला त्याला."

दुसऱ्या कोणी हसण्यावारी नेलं असतं. कर्टनी खुर्चीत पुढे सरकला. "मी बंद केली नव्हती, पोरा," तो म्हणाला. "तुझ्या आईला तेच सांगायला आलो होतो, तिनं ऐकूनच घेतलं नाही. मी ट्रकमधून उतरलो. हाक मारली. पलीकडून, गाळाच्या तळ्याकडून, ओ दिली कोणीतरी. मी म्हटलं, आवाज कमी करावा म्हणजे नीट कळेल. हात पुढे केला. आणि माझा हात पोचायच्या आधीच ती थांबली. जशी कोणी मान टाकावी. त्यानंतर ओ आली नाही."

"हे कोणाला सांगितलंत?"

"एकदा बायकोला. ती म्हणाली, लोकांना सांगू नकोस, लोकांना आवडायचं नाही. लोकांना मी बंद केली हेच आवडलं. मग मीही ते अंगाला लावून घेतलं." तो हेडलीकडे वळला. "तू आणलास म्हणतोस. दमला होता का?"

"ओला होता," हेडली म्हणाला. "चढावर गाडीला जड गेला."

"मग तोच," कर्टनी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. दोघं चहा येईपर्यंत तसेच बसले. निघताना म्हाताऱ्याने त्याचा हात धरला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. वसंत लागायच्या आत कर्टनी गेला, झोपेत. त्याच्या अंत्यविधीला हेडली गायला, आणि आपल्या गावातली काही माणसं जी कर्टनीशी इतकी वर्षं जेवढ्यास तेवढं बोलत, तीही आली.

आईच्या थडग्यावर लेस्टरचं नाव नव्हतं. ते घालायचं म्हणजे तो मेला हे मान्य करणं, आणि ते तिने शेवटपर्यंत केलं नव्हतं. मे महिन्यात हेडली दगडावर अक्षरं कोरणाऱ्याकडे गेला. नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं.

"मृत्यूचं साल?" कोरणाऱ्याने विचारलं.

हेडली उभा राहून विचार करत होता. त्या माणसाने पेन्सिल खाली ठेवली आणि वाट पाहिली. शेवटी हेडली म्हणाला, "त्रेसष्ट. आणि खाली एवढंच: घरी आला."

"कधी आला?" असं कोरणाऱ्याने विचारलं नाही. त्याने आकडे लिहून घेतले आणि म्हणाला, "महिन्याभरात दगड कोरून परत बसवतो."

दगड बसला त्या रविवारी थर्झाने हेल्मेट मागितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि ती त्या गाडीवर कधीच बसली नव्हती. ती मागे चढली, हात त्याच्या कमरेभोवती घातले, आणि विचारलं, "हळू नेशील ना?"

"धर घट्ट," हेडली म्हणाला. ते समुद्राकडे गेले, गूनवार्थच्या वळणावरून. त्या दिवशी ऊन होतं, खाणीतलं पाणी हिरवंगार दिसत होतं, आणि दोघांपैकी कोणी तिथे थांबलं नाही.